ट्यूब अँपचे टोन सर्किट बदलण्यापूर्वी फेंडर, मार्शल, व्हॉक्स यांची तुलना कशी करावी?

आपण विचारले आहे की, फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब या अँपच्या नकाशावरून बांधलेल्या २२ वॉटच्या अँपमध्ये मूळ टोन सर्किट (बास, मिड, ट्रेबल म्हणजे खालचे, मधले, वरचे स्वर कमीजास्त करणारा भाग) काढून मार्शल, व्हॉक्स किंवा बॅक्सँडल पद्धतीचे बसवले तर कोणते सरस ठरेल. मी इंदूरला राहतो, गिटार हौसेपुरती वाजवतो आणि ही सर्किटे एकाच चासीवर (अँपच्या धातूच्या सांगाड्यावर) आलटून पालटून जोडून ऐकली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, पुष्कळांची तुलना कपॅसिटर किती फॅरडचा आणि रेझिस्टर किती ओहमचा, या आकड्यांवरच थांबते. सर्किट साखळीत कोठे बसले आहे आणि त्याला सिग्नल कोण पुरवतो, हे पाहायचे राहून जाते.

आपल्या अँपमध्ये पहिल्या ट्रायोडच्या (सिग्नल वाढवणाऱ्या ट्यूबच्या) प्लेटवरून, म्हणजे आउटपुटच्या टोकावरून, सिग्नल थेट टोन सर्किटमध्ये जातो, आणि व्हॉल्यूम व पुढची वाढ त्यानंतर येते. मार्शलमध्ये हेच सर्किट दोन ट्रायोड आणि एक कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढचा भार पेलणारा ट्रायोड) ओलांडल्यावर येते. त्यामुळे फेंडरमध्ये आवाज फाटण्याआधी मधले स्वर कापले जातात, तर मार्शलमध्ये प्रीअँपमध्ये फाटलेला आवाज नंतर घडवला जातो. नुसते हे आकडे बदलून मार्शलचा स्वभाव आपल्या अँपमध्ये उतरत नाही, त्याचे मुख्य कारण हे आहे. वास्तविक १९६२ चे मार्शलचे पहिले अँप फेंडरच्या जुन्या बासमन अँपवरून बेतलेले होते, म्हणजे ही दोन्ही सर्किटे एकाच घराण्यातली आहेत.

माझी फजिती येथे सांगण्यासारखी आहे. मी १०० किलोओहमचा स्लोप रेझिस्टर (बास आणि मिडकडे सिग्नल नेणारा) काढून मार्शलप्रमाणे ३३ चा लावला, ट्रेबलचा कपॅसिटर २५० ऐवजी ५०० पिकोफॅरडचा केला, आणि आवाज भरदार होण्याऐवजी ढिला पडला. नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा उलगडा झाला. १२एएक्स७ या प्रीअँप ट्यूबच्या प्लेटवर १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर तिचा आउटपुट इंपीडन्स (सिग्नल देतानाचा आतला अडथळा) सुमारे ३८ किलोओहम येतो. मार्शलसारखे मिडचे बटण धरले आणि ते पूर्ण खाली असले तर मधल्या स्वरांना ३३ किलोओहमचाच भार मिळत असल्याने ३३ भागिले ७१, म्हणजे निम्म्याहून कमी सिग्नल सर्किटच्या दारापर्यंत पोहोचतो. जुन्या १०० चा स्लोप रेझिस्टर आणि मिडच्या जागचा ६.८ चा रेझिस्टर यांच्या जोडीत तो पाऊण पोहोचत होता. कॅथोड फॉलोअरचा आउटपुट इंपीडन्स हजार ओहमच्या आसपास असल्याने मार्शलला ही झळ लागत नाही. आपल्याला हा मार्ग घ्यायचाच असेल तर अँपच्या नॉर्मल आणि व्हायब्रेटो या दोन चॅनलांपैकी नॉर्मलवर पाणी सोडून त्याच्या ट्यूबचा अर्धा भाग कॅथोड फॉलोअर म्हणून वापरता येईल.

त्याआधी मात्र एक स्वस्त बदल करून पाहावा. डिलक्स रिव्हर्बमध्ये मिडचे बटण नसते, त्या जागी ६.८ किलोओहमचा रेझिस्टर असतो, आणि चारपाचशे हर्ट्झच्या आसपासचा जो खळगा आपल्याला खटकतो त्याची खोली मुख्यतः त्याच्यावर ठरते. ढोबळ हिशोबाने खळग्याच्या तळाशी ६.८ भागिले १०६.८, म्हणजे सिग्नलचा सोळावा हिस्सा उरतो. त्याच्या जागी २५ किलोओहमचा पॉट (बटणाने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून पूर्ण वर केला तर २५ भागिले १२५, म्हणजे पाचवा हिस्सा मिळतो. मधले स्वर तिपटीने, डेसिबलमध्ये जवळजवळ दहाने वर येतात. स्लोप रेझिस्टर ५६ केल्याने यात थोडी भर पडते आणि खळगा किंचित वरच्या स्वरांकडे सरकतो, पण आधी पॉट लावून ऐकावे. माझ्या कानाला तेवढे पुरले.

व्हॉक्सच्या टॉप बूस्ट या टोन सर्किटमध्येही मिडचे बटण नाही. तेथे बास आणि ट्रेबल एकमेकांना ओढतात, आणि दोन्ही पूर्ण वर नेले की मधला आवाज पोकळ होतो. सर्किटलाही कॅथोड फॉलोअरच सिग्नल पुरवतो, म्हणून वरची अडचण याही ठिकाणी आहे. त्या अँपचा कट कंट्रोल (वरचे स्वर कापणारे बटण) मला अधिक उपयोगाचा वाटतो. फेज इन्व्हर्टरनंतर (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणाऱ्या टप्प्यानंतर) एक कपॅसिटर आणि एक पॉट, एवढाच त्याचा पसारा आहे. पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ मध्ये मांडलेले मूळ सर्किट फीडबॅकवर (आउटपुटचा काही भाग परत आत देऊन) चालणारे आणि रेकॉर्ड ऐकण्याच्या यंत्रणेसाठी होते. गिटारच्या अँपमध्ये त्याच नावाने सहसा साधे, फीडबॅक नसलेले रूप वापरतात. दोन्ही बटणे मध्यावर असताना ते सपाट राहते, आणि फेंडरच्या खळग्याला सरावलेल्या कानाला सुरुवातीला बोजड वाटते.

तुलना करताना सर्वांत मोठी फसवणूक आवाजाच्या मोठेपणाची असते, कारण ज्या सर्किटमध्ये कमी सिग्नल वाया जातो ते मोठे वाजते आणि मोठे ते चांगले असे कान ठरवून टाकतो. म्हणून एकच ओळ लूपर पेडलमध्ये (वाजवलेले पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये) भरून घ्यावी, प्रत्येक वेळी व्हॉल्यूम जुळवावा आणि मगच मत बनवावे. येथे एक मेख आहे: व्हायब्रेटो चॅनलच्या व्हॉल्यूम पॉटवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर असतो आणि बटण खाली असताना तो ट्रेबल वाढवतो, तेव्हा तुलनेपुरते त्याचे एक टोक सोडवून ठेवावे. बास आणि ट्रेबल शून्यावर आणि मिड पूर्ण वर नेले की फेंडर घराण्याचे सर्किट जवळजवळ सपाट होते. मी प्रत्येक बैठक तेथून सुरू करतो.

सुट्या भागांविषयी सांगायचे तर आमच्याकडे जेल रोडवर नुसता २५० पिकोफॅरडचा कपॅसिटर मागितला आणि मी ५० व्होल्टची चकती घेऊन घरी आलो, यात चूक माझीच होती. टोन सर्किटचे हे कपॅसिटर प्लेटचा डीसी (एकदिश विद्युतदाब) अडवतात आणि अँप सुरू होताना त्यांच्यावर चारशे व्होल्टच्या वर ताण येऊ शकतो, म्हणून ते किमान ५०० व्होल्टचे मागावेत. नवा पॉटही फिरवताना खरखरत असेल तर बहुधा एखादा कपॅसिटर गळत असतो. पॉटच्या टोकांवर डीसी मोजून पाहावा. चासी उघडण्यापूर्वी प्लग काढावाच, शिवाय प्लग काढल्यावरही भरलेले राहणारे वीजपुरवठ्याचे फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालू नये.