भावाच्या स्मरणार्थ मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी कसा गोळा करावा?

तुमचे थोरले भाऊ ग्लायोब्लास्टोमाने, म्हणजे मेंदूच्या आक्रमक कर्करोगाने गेले आणि वर्षश्राद्धाचा खर्च टाळून त्यांच्या नावाने संशोधनाला पैसे द्यायचेत, असं तुम्ही विचारलंय. माझी धाकटी बहीण याच आजाराने गेली. निदानानंतर तेरा महिने.

कर्करोग रुग्णालयाला देणगी म्हणून नुसता चेक दिलात तर तो रुग्णांच्या मदतीकडेही जाऊ शकतो. ते कामही मोठंच, पण तुमच्या मनात संशोधन आहे. टाटा मेमोरियलचं बरंचसं संशोधन खारघरच्या त्यांच्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतं. कुठेही द्या, पण आधी देणगी विभागाशी बोला आणि पैसे कशासाठी, कोणाच्या स्मरणार्थ, हे पत्रात लिहून द्या.

माझी चूक सांगते. बहिणीच्या स्मरणार्थ निधी जमवताना मी सगळ्यांचे पैसे माझ्या खात्यावर जीपेने घेतले आणि एकरकमी भरले. पावती एकच आली, माझ्या नावाची. मावशीला आणि बहिणीच्या ऑफिसातल्या लोकांना देणगीवरची प्राप्तिकराची (८०जी) सवलत घेता आली नाही. कोणी चकार शब्द काढला नाही, पण मला ते लागून राहिलंय. प्रत्येकाला थेट संस्थेच्या खात्यावर भरू द्या. रोख देणारे असतील तर २,००० रुपयांच्या वर सवलत मिळत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचे पैसे विदेशी देणगी धरले जातात. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

सगळ्यात अवघड प्रश्न एका काकांनी विचारला, "आपल्या पाच हजारांनी काय संशोधन होणार गं?" तेव्हा मी त्यांना याच आजाराच्या उपचारावरच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीबद्दल सांगितलं. नुसत्या रेडिएशनऐवजी सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या दिल्या, तर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ पार करतात तो) १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलं. जेमतेम अडीच महिने. पण दोन वर्षं पार करणारे आधी शंभरात दहा होते, ते सव्वीसच्या आसपास गेले. माझ्या बहिणीलाही याच गोळ्या होत्या. शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. उजवा हात चालत नव्हता, तिने डाव्या हाताने लेकीला पेढा भरवला. काकांना एवढंच म्हटलं, की तो पेढा कोणाच्या तरी संशोधनातून आला होता.

तुम्हीही भावाचा असा एखादा दिवस सांगा. नुसता खाते क्रमांक पाठवू नका. देणगी विभागाला लिहिलेलं माझं पत्र अजून जपून ठेवलंय. नमुना म्हणून हवं असेल तर कळवा, पाठवते.