नेतृत्व रक्तात असते की शिकून येते?

नेतृत्वगुण जन्मजात असतात की शिकून मिळवता येतात, असे आपण विचारले आहे. आणि सोबत असेही लिहिले आहे की आपण स्वभावाने अबोल असून कचेरीत नुकतीच आठ जणांच्या गटाची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली आहे. मला यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवूनच उत्तर लिहितो. मी गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात तीस वर्षे शिकवले आणि गावच्या देवस्थानच्या उत्सवातील नाटके पुष्कळ वर्षे बसवली. माझे मत मुख्यतः या दोन ठिकाणी बनले. वाचनाने ते नंतर थोडेफार दुरुस्त केले.

गोव्यात वाढलेल्या माणसाने ‘जन्मजात’ हा शब्द जपून वापरावा. आमच्याकडे देवस्थानातील महाजनकी, म्हणजे त्याच्या कारभारातला हक्क, जन्माने येते, गावकारीतला, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेतला, हक्क जन्माने येतो, शिगम्याला मांडावर, म्हणजे उत्सवाच्या ठरलेल्या जागी, पहिला मान कोणाचा हेही बहुधा घराण्यावरून ठरलेले असते. पण मान वेगळा आणि नेतृत्व वेगळे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मानकऱ्याच्या शब्दासरशी माणसे कामाला लागतीलच असे नाही. तरीसुद्धा एखाद्या नेत्याची मुले पुढे आली की आपण ‘रक्तातच आहे’ म्हणून मोकळे होतो.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७९ पर्यंत त्या मुख्यमंत्रिपदावर होत्या. तेव्हाही रक्ताची भाषा बोलली गेली असणार. परंतु त्या १९६७ पासून आमदार होत्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री म्हणूनही त्यांनी काम केले होते, म्हणजे त्यांची शिकाऊ उमेदवारी आधीच झाली होती. एकाच घरात रक्तही मिळते आणि वळणही मिळते. त्यामुळे घराण्यांची कितीही उदाहरणे गोळा केली तरी आपल्या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

तो लावण्यासाठी संशोधकांनी जुळ्या भावंडांचा आधार घेतला. एकरूप जुळ्यांची गुणसूत्रे सारखी असतात, इतर जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच मिळतीजुळती असतात, आणि घर मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना एकच मिळते. तेव्हा पहिल्या प्रकारात साम्य जितके जास्त आढळेल, तितका अनुवंशाचा हात मोठा मानायचा. रिचर्ड आर्वे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथील जुळ्या पुरुषांचा असा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नेतृत्वाची पदे कोणी भूषवली यातील फरकांपैकी सुमारे ३० टक्के भाग अनुवंशाशी जोडता आला, आणि पुढे स्त्रियांच्या अभ्यासातही आकडा जवळपास तेवढाच आला. या ३० टक्क्यांचा अर्थ ‘माझ्यातले तीस टक्के नेतृत्व आईवडिलांकडून आले’ असा नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा हा हिशेब आहे, एका माणसाचा नव्हे. शिवाय त्याच संशोधकांच्या २००९ मधील अभ्यासात असे दिसले की ज्यांना पौगंडावस्थेत घरचा आधार आणि सुस्थिती लाभली, त्यांच्यात अनुवंशाचा वाटा कमी होतो, आणि जिथे ते लाभले नाही तिथे तो वाढतो. शिक्षक म्हणून मला हे फार पटले. संधी सर्वांना मिळाली की जन्मजात फरकाचे वजन उतरते.

आता त्या अभ्यासांतील एका शब्दाकडे लक्ष द्या: त्यांनी मोजली ती पदे. पुढे येणे मोजले, पुढे नेणे नव्हे. बहिर्मुख स्वभावाचा नेतृत्वाशी संबंध आहे हे २००२ मधील अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आढळले, पण हा संबंध नेता म्हणून निवडले जाण्याशी अधिक आणि प्रत्यक्ष कामगिरीशी कमी होता. हीच चूक मी स्वतः वर्षानुवर्षे केली. वर्गात ज्याचा हात आधी वर जाई आणि आवाज खणखणीत असे, त्यालाच मी वर्गप्रतिनिधी करीत असे.

डोळे उघडले ते नाटकामुळे. एका वर्षी मी आजारी असल्याने तालमींची सूत्रे गावातल्या एका देखण्या, बोलक्या तरुणाकडे दिली. पहिल्या दिवशी सगळा वाडा जमला. दुसऱ्या आठवड्यात भूमिकेवरून दोघे भांडले, हा सर्वांसमक्ष त्यांच्यावर ओरडला, आणि निम्मे नट घरी बसले. (पुढे तो पंच झाला, तो भाग निराळा.) त्यांना परत आणले आमच्या प्रॉम्प्टरने, जो कुंडईच्या एका कारखान्यात पाळीवर जाई आणि ज्याचा आवाज आम्ही फक्त पडद्याआडून ऐकला होता. रात्री पाळी संपल्यावर तो एकेकाच्या घरी गेला. काय बोलला हे त्याने कधी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी नाटक मी त्याच्याकडेच सोपवले, आणि ते फारसे चांगले झाले नाही. तालमीची वेळ तो ठामपणे ठरवू शकला नाही. एका वयोवृद्ध नटाला संवाद पाठ होत नव्हते. ते त्याला दिसत होते, पण रंगीत तालमीपर्यंत बोलायचा धीर झाला नाही, आणि उत्सवाच्या रात्री प्रयोग तिथेच अडखळला. तिसऱ्या वर्षी तो भूमिका जाहीर करण्यापूर्वी त्या वयोवृद्ध नटाच्या घरी गेला, चहा घेतला, त्यांनी या वेळी नवीन मुलांचे उच्चार सुधारून घ्यावेत अशी विनंती केली, आणि ती त्यांनी आनंदाने मान्य केली. माणसांचे मन ओळखण्याची नजर त्याच्यापाशी कदाचित आधीपासून असेल. अवघड गोष्ट वेळेवर आणि एकांतात बोलणे मात्र तो माझ्या डोळ्यांदेखत शिकला, तेही एक प्रयोग पडल्यावर.

पंचायतींतही हेच दिसते. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, तेव्हा ‘नवराच कारभार करणार’ असे ऐकू येई, आणि काही ठिकाणी तसे झालेही असेल. पश्चिम बंगालमधील अभ्यासात मात्र आढळले की लागोपाठ दोनदा प्रधानपद (आपल्याकडचे सरपंचपद) स्त्रियांसाठी राखीव राहिलेल्या गावांत नंतर आरक्षण नसतानाही स्त्रिया अधिक संख्येने निवडून आल्या. गुणसूत्रे दहा वर्षांत बदलत नाहीत; बदलली ती संधी आणि लोकांची पाहण्याची सवय.

म्हणून आपल्या अबोलपणाची फार चिंता करू नका. अमेरिकेतील पिझ्झाच्या दुकानांच्या एका अभ्यासात, जिथे कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे होते तिथे कमी बोलणाऱ्या व्यवस्थापकांची दुकाने उलट अधिक नफ्यात होती. आपली अडचण बोलके नसण्यात येणार नाही. ती येईल आठांपैकी एकाचे काम सतत मागे पडत असेल आणि आपण ते महिनाभर मनात ठेवाल तेव्हा. त्या दिवशी त्याला बाजूला बोलावून दोन वाक्ये बोलता येणे, एवढेच पहिल्या सहा महिन्यांचे उद्दिष्ट ठेवा. दोन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराला कचेरीने पाठवले तर जरूर जा, जेवण बहुधा चांगले असते. पण परतल्यावर गटातील एखाद्या जुन्या, विश्वासू सहकाऱ्याला विचारा की गेल्या आठवड्यात आपण कुठे बोलायला हवे होते आणि बोललो नाही.