वाचकांचे प्रश्न : बेटं, खजिने आणि ‘क्रमशः’

प्रश्न : ‘ट्रेझर आयलंड’ आधी साप्ताहिकातून आली म्हणतात. मग त्या अंकांच्या अनुक्रमणिकेत स्टीव्हन्सनचं नाव का नाही?

उत्तर : तिथे ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ शोधा. जेम्स हेंडरसन यांच्या ‘यंग फोक्स’ या लंडनच्या साप्ताहिकात ही कादंबरी १ ऑक्टोबर १८८१ ते २८ जानेवारी १८८२ या काळात याच टोपणनावाने छापली गेली. १८८१ चे अंक संपले तरी गोष्ट संपत नाही, तेव्हा पुढच्या वर्षाचे जानेवारीचे अंकही लागतील.

लेखकाची तेव्हा चांगलीच ओढाताण झाली. स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला १५ दिवसांत १५ प्रकरणं हातावेगळी झाली आणि सोळाव्याच्या सुरुवातीलाच गाडं अडलं. इकडे आरंभीच्या मजकुराची प्रुफं येऊन पडली होती. उरलेली गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला, रोज एक प्रकरण या वेगाने पुरी झाली. आता हातातल्या पुस्तकात सोळावं प्रकरण काढा. तोवर गोष्ट तिचा नायक, जिम हा मुलगा सांगत असतो. इथून तीन प्रकरणं डॉ. लिव्हसी सांगतात. आमच्या मते हा योगायोग नाही. अडलेल्या लेखकाने निवेदक बदलून वाट काढली असावी.

प्रश्न : पुस्तकातल्या नकाशावरूनच गोष्ट सुचली, हे खरं का?

उत्तर : नकाशावरून सुचली हे खरं, पण तो नकाशा हा नव्हे. सावत्र मुलाबरोबर रंगवलेला मूळ नकाशा कॅसल या प्रकाशकांकडे पाठवला तो पोचलाच नाही. पुस्तक निघालं नोव्हेंबर १८८३ मध्ये. त्यासाठी उलटा उद्योग करावा लागला. टेकड्या, खाड्या, अंतरं, दिशा यांचे छापील गोष्टीतले सगळे उल्लेख टिपून काढायचे आणि कंपास घेऊन त्यांत बसेल असं बेट आखायचं. आधी नकाशा काढून त्याबरहुकूम गोष्ट लिहिणं त्यामानाने सोपं, कारण तिथे अंतरं नकाशावरूनच घेता येतात. हे काम एडिंबरोत, वडिलांच्या कचेरीत झालं. गोष्टीतल्या कॅप्टन फ्लिंट या चाच्याची सही वडिलांनीच ठोकून दिली! स्टीव्हन्सनच्या मनात मात्र हा दुसरा नकाशा कधी बसला नाही.

प्रश्न : ‘द कोरल आयलंड’मधली मुलं झाडाखालच्या नारळाला खिशातल्या चाकूने भोक पाडून पाणी पितात. आम्ही कोकणातले, हे पटत नाही. सोडण (नारळावरचं तंतुमय आवरण) कुठे गेलं?

उत्तर : तुमचं बरोबर आहे. कादंबरीचा लेखक बॅलंटाइन दक्षिण समुद्राकडे, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांकडे, फिरकलेलाच नव्हता. त्याने नारळ पाहिला होता तो वाण्याच्या दुकानात, सोललेला. तसाच तो झाडाला लागतो अशी त्याची समजूत. ही चूक त्याने पुढे स्वतःच कबूल केली आणि नंतरच्या कादंबऱ्यांसाठी शक्य तिथे आधी जाऊन पाहण्याचा शिरस्ता ठेवला. ‘द लाइटहाउस’साठी तो बेल रॉकच्या दीपगृहावर जाऊन राहिला. (हे दीपगृह बांधणारे अभियंते रॉबर्ट स्टीव्हन्सन, म्हणजे वरच्या स्टीव्हन्सनचे आजोबा.)

जाता जाता, ‘कोरल आयलंड’ नियतकालिकांत शोधू नका, ती थेट पुस्तकरूपाने आली. पहिल्या आवृत्तीवर साल १८५८ असलं तरी पुस्तक बाजारात आलं ते १८५७ च्या अखेरीस, नाताळच्या खरेदीसाठी. त्यामुळे सूचींत दोन्ही सालं दिसतील.