"घरी पण खेळतेच की, मग इथे वेगळं काय?"

मी मुलांसाठी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, करते. दोन-तीन सेशन झाले की बहुतेक आईबाबा मला हे विचारतातच, या आईनेही विचारलं. मुलगी सहा वर्षांची (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). धाकटा भाऊ वेळेआधी जन्मला, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत, आई पण हॉस्पिटलमध्येच, आणि बाळ घरी आल्यावर ही शाळेत बोलेनाशी झाली, रात्री गादी ओली व्हायला लागली. काय होतंय सांग ना, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. ती म्हणायची, काही नाही.

खोटं नव्हती बोलत हो ती. एवढ्याशा मुलांना आत जे साचलंय ते वाक्यात मांडताच येत नाही, पण खेळात ते बरोबर बाहेर येतं.

माझ्याकडे बाहुलीघर, घरातली माणसं, डॉक्टर सेट, वाळूचा ट्रे, माती असं असतं, खेळ मात्र मूल ठरवतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत मांडली, मूल पुढे आणि आपण त्याच्या मागे, आणि मला अजूनही तेच पटतं.

तर ही पहिल्या दिवशी सगळ्या बाहुल्यांना इंजेक्शन देत सुटली, फक्त बाळाला नाही. बाळ उचललं, एका डब्यात टाकलं, झाकण घट्ट. पुढच्या आठवड्यात परत तेच, मग डब्यावर वाळू. मी एवढंच म्हणायचे, "बाळ आत आहे, झाकण अगदी घट्ट लावलंस." असं करू नये, बाळ गुदमरेल ना, हे मी एकदाही म्हटलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर तो खेळ तिथेच बंद पडला असता. एकदा तिने वाळूची मूठ माझ्यावर उगारली तेव्हा मात्र सांगितलं, "तुला खूप राग आलाय, पण वाळू माझ्यावर टाकायची नाही, ट्रेमध्ये जोरात टाक." टाकली, खूप वेळ टाकत राहिली.

सातव्या सेशनला तिने झाकण जरासं उघडलं. "श्वास घ्यायला," म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघताच, "मी म्हटलेलं मला बाळ नको, म्हणून ते आजारी पडलं."

एवढे महिने हे ओझं घेऊन फिरत होती ती! या वयात मुलांना खरंच वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून तसं घडलं.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर. घरी ती खेळत असते तेव्हा आपण मध्येच रंग विचारतो, आकडे शिकवतो, नीट धर म्हणतो. इथे शिकवणारं कोणी नाही आणि पूर्ण वेळ एक मोठं माणूस फक्त तिच्याकडे बघतंय. घरीही आठवड्यातून अर्धा तास असं बसता येतं, ठरलेल्या वेळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत, प्रश्न नाहीत, जे दिसतं तेवढंच बोलायचं. सेशनहून आल्यावर "आज काय खेळलीस" हे मात्र प्लीज विचारू नका. आणि सुरुवातीला कधीकधी चिडचिड वाढते, तेव्हा घाबरून थेरपी सोडू नका, आम्हाला सांगा.

हिचं पूर्ण बरं झालंय असं नाही म्हणणार मी. शाळेत बोलते आता, गादी अजून अधूनमधून ओली होते. डबा तिला अजून लागतो, पण हल्ली बाळाच्या शेजारी ती आईची बाहुली पण ठेवते.