ढाण्याला जवळ घेतलं तर चुकतं का?

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेत जुन्या घरात राहतो. आमचा ढाण्या १२ वर्षांचा, गावठी कुत्रा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वळवाच्या पावसात सोप्यात खुशाल झोपायचा. आता आभाळ भरून आलं की थरथरतो, लाळ गाळतो, मोरीच्या कोपऱ्यात जाऊन दडतो. मी त्याच्याजवळ बसते, तर हे म्हणतात, "तू लाडावून ठेवलंयस म्हणून भितोय." सासूबाई म्हणतात, सोप्यातच बांधून ठेवा, सवय होईल. शेजारचे म्हणतात, माणसांची झोपेची गोळी द्या. मी काय करू?

उत्तर : ताई, खुशाल जवळ बसा. त्याच्या पाठीवरून हात फिरवा, हळू आवाजात बोला. लाडाने भीती वाढत नाही. लाळ गाळणं, थरथरणं तो मुद्दाम करत नाही, मग कौतुक झालं म्हणून ते पुन्हा करेल कसं? तो दडून राहिला तर राहू द्या, ओढून बाहेर काढू नका. बांधायचं मात्र अजिबात नाही. घाबरलेलं जनावर साखळीला हिसके देतं, मानेला इजा करून घेतं, आणि दर वादळागणिक भीती आणखी पक्की होते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते "दोन वर्षांपूर्वीपर्यंत खुशाल झोपायचा" हे. म्हातारपणी नव्याने सुरू झालेल्या भीतीमागे पुष्कळदा दुखणं असतं. गडगडाटाने दचकला की अंग आखडतं, दुखरा सांधा आणखी ठणकतो, आणि आवाज म्हणजे वेदना अशी गाठ त्याच्या मनात बसते. ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये अशा कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना दुखणं होतं, त्यांच्यात आवाजाची भीती इतर कुत्र्यांपेक्षा उशिराच्या वयात सुरू झालेली दिसली, आणि दुखण्यावर उपचार झाल्यावर बहुतेकांची भीतीही कमी झाली. ढाण्याला उठायला वेळ लागतो का, पायरीशी थबकतो का, रात्री उगाच घरभर फिरतो का, भिंतीकडे बघत उभा राहतो का, हे बघा. मोबाईलवर त्याचं चित्रीकरण करा आणि पशुवैद्यांना दाखवा. नजर, कान आणि म्हातारपणाचा विसराळूपणा यांचीही तपासणी होऊ द्या.

शेजाऱ्यांची गोळी नको म्हणजे नकोच. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही नाही, कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतं. भीती कमी करणारी औषधं पशुवैद्यांकडे असतात. या वयात आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे ते पाहून घ्यावं. गोळी लिहून दिली तर संकोच न करता विचारा, "याने भीती कमी होणार की नुसतं अंग सुस्त पडणार?" ॲसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटंच दिलं तर अंग ढिलं पडतं, पण आतली घालमेल तशीच राहते.

मोरीची जागा त्याने स्वतः शोधली आहे, तीच राहू द्या. फक्त ओल्या फरशीवर त्याचे पाय घसरतील, तेव्हा जमीन कोरडी करून गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. दार उघडं ठेवा, दिवा लावा म्हणजे विजेचा लखलखाट कमी जाणवेल, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देतं. ती आली की लगेच त्याला बाहेर फिरवून आणा, म्हणजे वादळात लघवीसाठी ताटकळणार नाही. गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. भेदरलेला कुत्रा पळाला तर वाट चुकू शकतो.

आवाजाची सवय करायची असेल तर वळवात सुरू करू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते, पण गडगडाट त्यामानाने कमी असतो. तेव्हा मोबाईलवर ढगांचा आवाज अगदी बारीक लावा आणि बरोबर उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. रश्श्यातला तुकडा नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतं. कान पाडले, ओठ चाटायला लागला की तिथेच थांबा. आवाज वाढवायची घाई नको. परतीचा पाऊस आणि दिवाळीचे फटाके यायच्या आत जेवढं साधेल तेवढं पुरे. औषधाचंही दिवाळीआधीच विचारून ठेवा.

तपासणीला एकट्या जाऊ नका, मिस्टरांना बरोबर न्या. डॉक्टरांनी सांधा दाबल्यावर ढाण्या अंग चोरत असेल, तर ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं. मग पुढच्या वळवात मोरीपाशी बसायची पाळी त्यांना द्या.