रील्स पाहणाऱ्या मुलाने भात का सोडला?

"मॅडम, त्याला मोबाईलचं व्यसनच लागलंय. हातातून घेतला की ताट सरकवतो." गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली एक आई सांगत होती. मुलगा १५ वर्षांचा, दहावीतला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) अशा पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: दिवसाला किती वेळ बघू द्यायचं?

मी मुलालाच म्हटलं, "तू काय बघतोस ते दाखवशील?"

आधी त्याने टाळलं. मग दाखवलं. एकामागून एक पिळदार शरीरं, प्रोटीन पावडर, 'भात सोडा', जबडा रेखीव कसा करायचा. वर्गात कुणीतरी त्याला जाड्या म्हटलं होतं. त्या रात्री असाच एक व्हिडिओ त्याने पुन्हा पुन्हा पाहिला. ॲपला तेवढं पुरतं. आपण कुठे थबकलो, काय परत पाहिलं याची नोंद होते आणि तसलंच पुढ्यात येत राहतं.

म्हणजे तो ताट सरकवत होता ते भाताला भिऊन. गणेश चवथीला उत्साहाने घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणारा हा मुलगा यंदा सर्दीचं निमित्त करून खोलीत बसला, कारण त्यांच्या घरी आरतीला मुलगे सोवळं नेसून उघड्या अंगाने उभे राहतात. आईला वाटलं, मोबाईलपायी देवाचीही गोडी गेली. घरभर माणसं असताना तो एकटाच हे सोसत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही सुरुवात झोपेपासून केली. या वयात ८ ते १० तास झोप लागते. हा पहाटेपर्यंत जागा. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटमध्ये, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलांच्या खात्यात, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद राहतात, पण याने जन्मसाल खोटं टाकलेलं. ते दुरुस्त करून घेतलं. घरातले सगळे मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, बाबांचाही. बाबांनी कुरकुर केली, पण ऐकलं. तसले व्हिडिओ आले की 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं ठरलं. फीड हळूहळू बदललं, पूर्ण नाही. डॉक्टरांनी वजन उंचीला योग्य असल्याचं सांगितलं. आई तेच सांगत होती, पण पटलं ते डॉक्टरांचं.

तो अजूनही रील्स बघतो. क्रिकेटचे, घुमटवादनाचे, आणि मध्येच एखादा जिमचाही. आता दुपारी हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी आणि भात, जेवतो.

वेळेची मर्यादा हवीच. पण आधी मुलाशेजारी बसून, न रागावता, त्याच्या पुढ्यात काय येतंय ते बघा. जेवण टाळणं, वजन झपाट्याने उतरणं, लोकांत जाणं बंद होणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.