तोंडी सूचना आली तर

नाशिकच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, शिकवायला नव्याने लागला आहात, तर एक लक्षात ठेवा: ‘हा विषय वर्गात नको’ असं सहसा कुणी लेखी देत नाही, स्टाफरूमबाहेर हळूच सांगतात. त्याच दिवशी प्राचार्यांना ईमेल करा: तारीख, वेळ, नेमके शब्द, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला घटक क्रमांक. कागद दिलात तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. मेमो आला तर रागात उत्तर नको; आधी मूळ तक्रारीची प्रत मागा.

कायम शिक्षकाला बडतर्फीविरुद्ध महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तुम्हाला मात्र कुणाला काढावंही लागत नाही, पुढच्या वर्षी नेमणूकच होत नाही. खरी गळचेपी ही! म्हणून नेमणूकपत्र, तासांचा हिशेब आणि दैनंदिनीची झेरॉक्स घरी ठेवा.